ढकलेल तिची गाडी

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एक पत्रक लिहिलं होतं. नगरमध्ये सावेडीच्या रस्त्यावर एक बाई गुबगुबीत कुत्र्याला बाबागाडीत बसवून फिरवताना मी पाहिली. त्याच रस्त्यावर, त्याच दुपारी, उसाच्या ट्रॉलीत वाढ्यांच्या, म्हणजे हिरव्या शेंड्यांच्या, ढिगावर झोपलेलं तान्हं पोरही पाहिलं. रागानं कान तापले. मी एसटीत बसले आणि आमचं कोल्हार येईपर्यंत पत्रक लिहून तयार होतं. मथळा होता : ‘कुत्र्यांना गाड्या, माणसांना खड्डे!’ आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते आमच्याच छापखान्यात छापलं, आईनं घड्या घातल्या आणि मी स्टँडवर उभी राहून वाटलं.

आणि मागच्या पौषात मी आमच्या ओसरीवर पालथी पडून, जीभ दातांत धरून, टेप लावून एका कुत्रीची लांबी मोजत होते. बाबागाडीसाठी! आणि मला इतकी मजा येत होती की आजवर कुठल्याही मोर्चाच्या आदल्या दिवशी तेवढी आली नव्हती.

आमच्या घरात दोन जनावरं. थोरली म्हणजे कुत्री. आखूड पायांची, मुळात पांढरी, तेरा वर्षांची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. धाकटा म्हणजे बोका. कडबा कापायच्या यंत्रात पुढचा एक पाय गेलेला, त्यामुळे तीन पायांचा, पण रुबाब पाच पायांचा. दोघं आईची. रोज संध्याकाळी आई नदीच्या घाटावर जायची, तेव्हा थोरली तिच्या टाचेला नाक लावून आणि धाकटा दहा पावलं मागं, आपला काही संबंध नसल्यासारखा, असे तिघं निघायचे. प्रवरेच्या पाण्याकडे तोंड करून बसायचे आणि परत यायचे. ही वरात अख्ख्या गल्लीला माहीत होती.

दिवाळीनंतर आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. टाके निघाले तेव्हा डॉक्टर म्हणाले, “आता दोन महिने रोज चालायचं. चाललात तर गुडघा तुमचा, नाहीतर खुर्ची तुमची.” आई चालायला तयार होती. पण तेवढ्या दिवसांत थोरलीची नजर पार गेली होती आणि तिला दाराबाहेरचे दगडही दिसेनात. घरात बसून जड झालेला धाकटा तीन पायांवर कोपऱ्यापर्यंत येऊन हाशहुश करत बसकण मारू लागला. त्यांना घरात ठेवून आई एकदा एकटी निघाली, तर थोरली तिच्या वासामागं बाहेर पडली आणि गटारीत कोसळली. काढली तेव्हा थरथरत होती. त्या दिवसापासून आईनं चप्पल घातली नाही.

“त्या दोघांना टाकून मला न्हाई जायचं,” ती म्हणाली. विषय संपला.

महिना गेला. काठीशिवाय ती खुर्चीतून उठेना. गुडघा सरळ होईना. आणि तेव्हा, एका दुपारी मोबाईलवर भलतंच काही बघत असताना, मला ती गाडी दिसली. वर छत्री, बाजूला जाळी, आत दोन कुत्री ऐटीत बसलेली. मी ओरडलेच. पुढच्या क्षणी माझं ते पत्रक आठवलं आणि मी मोबाईल उशीखाली ठेवला. मग पुन्हा काढला.

आमच्या घरात कुठलीही मोठी गोष्ट तोंडी मागायची नाही, असा नियम आहे. मागणी लेखी हवी, एका पानात, एका बाजूला. वर मथळा, मध्ये परिस्थिती, खाली मागण्या. रविवारी सकाळचा चहा झाला की ओसरीवर घरसभा भरते. वाचन, चर्चा, मग हात वर. सहावीत असताना मी सायकल अशीच मिळवली. आण्णांनी चहात साखर वाढवून मिळावी म्हणून पत्रक काढलं होतं. ते दोन विरुद्ध एक मतांनी फेटाळलं गेलं. आईनं मात्र कधी पत्रक काढलं नाही. ती घड्या घालते. पाण्याच्या समान वाटपापासून शाळेच्या मास्तरांच्या बदलीपर्यंत आण्णांनी जे जे छापलं, त्याच्या घड्या तिच्या बोटांखालून गेल्या. घडी घालायला लिहिता यायला हवं असं थोडंच आहे, असं ती म्हणायची, आणि आम्हीही ते खरं धरून चाललो होतो.

त्या रविवारी मी माझं पत्रक वाचलं. मथळा : ‘आईचा गुडघा वाचवा!’

आण्णा उखडले. “कुत्र्या-मांजरांना बाबागाडी? आपल्या घरात? अगं, लोक काय म्हणतील, ह्यांची क्रांती आता चाकांवर आली!”

“लोक काय म्हणतील हे तुम्ही विचारताय, आण्णा?”

पण ते हरले नाहीत. कागद ओढून त्यांनी तिथल्या तिथं विरोधी पत्रक लिहिलं. आयात माल, चैनीची संस्कृती, प्लास्टिक, असे तीन परिच्छेद. मी उत्तर लिहिलं. त्यांनी दुरुस्ती सुचवली. आम्ही दोघं इतके रंगात आलो की चहा दोनदा गार झाला. शेवटी असं ठरलं की गाडी घ्यायची, पण तत्त्वाला धरून. दुपारपर्यंत आमचा मागण्यांचा कागद तयार झाला. अकरा कलमं! देशी बनावट. धुता येणारं कापड. बोक्यासाठी चेनची जाळी. कुत्रीला दिसत नाही, म्हणून तिच्या बाजूनं वारा लागायला मोकळी खिडकी. दोघांमध्ये पडदा. घडी घालून ठेवता येईल अशी. वगैरे. आण्णांनी तो डीटीपी करून ठळक टायपात काढला. आईनं नेहमीसारखी घडी घालून माझ्या शबनममध्ये ठेवला.

तिला आम्ही काहीच विचारलं नाही. त्या वेळी ते आमच्या लक्षातही आलं नाही.

सोमवारी आम्ही छापखान्याची जुनी ओमनी घेऊन नगरला गेलो. पाळीव प्राण्यांच्या सामानाचं मोठं दुकान होतं. आण्णा झब्ब्यात, मी शबनम लावून, हातात ‘आमच्या मागण्या’ असा मथळा असलेला कागद. आत शिरताच मी तो काउंटरवर ठेवला. दुकानदारानं मथळा वाचला, आमच्याकडे पाहिलं आणि उठून शटर अर्धं खाली ओढलं.

“ताई, वर्गणी मागच्याच आठवड्यात दिली. मोर्चा आमच्या दुकानावरून नेऊ नका एवढंच सांगतो.”

“मोर्चा नाही हो. आम्हाला बाबागाडी पाहिजे.”

“कुणाला?”

“एक कुत्री, एक बोका.”

 त्यानं शटर वर केलं. आण्णांनी चष्मा लावून खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली, “कलम पहिलं…” चौथ्या कलमाला दुकानदारानं दोन्ही हात जोडले. “मान्य, साहेब! सगळ्या मागण्या मान्य!”

आण्णांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. इतक्या वर्षांत त्यांच्या सगळ्या मागण्या एका दमात कुणी मान्य केल्या नव्हत्या. त्यांना संशयच आला. ते अकराही कलमं एकेक करून तपासून घेऊ लागले आणि दुकानदार खरोखरच एकेक दाखवत गेला. लाल रंगाची, दोन मजली गाडी. वर कुत्री, खाली बोका. पडदा आहे, जाळी आहे, खिडकी आहे. एक खटका दाबला की अशी घडी होते की काखेत मारून न्यावी. मी दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर ती एका बोटानं ढकलून पाहिली. पाण्यावरून पान जावं तशी गेली! मी तिला गोल फिरवली, आण्णांनी फिरवली, पुन्हा मी फिरवली. पसंत पडली नाही तर आठ दिवसांत परत, असं कबूल करून घेतलं आणि राहुरी येईपर्यंत आम्ही दोघं आंदोलन जिंकल्यासारखे मोठमोठ्यानं बोलत होतो.

संध्याकाळी आईनं महिन्याभरानं चप्पल घातली. थोरलीला वर ठेवलं, धाकट्याला खाली कोंबलं. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्याच.

“अगं बया! कुत्र्याला बाबागाडी! आता बारसं कधी करतीस?”

“ह्या रविवारी. घुगऱ्या खायला या, परातभर करते,” आई म्हणाली आणि काठी उंबऱ्याला टेकवून तिनं गाडीचा दांडा धरला. मला हसू आवरेना. ती निघाली. एक, दोन, पाच, दहा पावलं. फाटक ओलांडलं.

आमच्या गल्लीतून उसाचे ट्रॅक्टर जातात. कारखान्याच्या हंगामात रस्त्यावर पाचट पडलेलं असतं, उसाचा वाळलेला पाला, लांब पट्ट्यांसारखा. खाली मुरूम, मध्ये ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. लाल गाडीची चाकं वाटीएवढी. विसाव्या पावलाला पाचटाची एक पट्टी पुढच्या चाकात शिरली, चाकाभोवती गुंडाळली गेली आणि गाडी जागच्या जागी थांबली. थांबली म्हणजे एकदम. आई पुढं झुकली, तिनं तोल सावरायला दुखऱ्या पायावर भार टाकला आणि तिच्या तोंडातून आवाज निघाला. खालून धाकटा जाळी फाडत ओरडत होता. वर थोरली उभी राहून कुठं आहोत ते हुंगत होती.

आम्ही आईला धरून आत आणलं. तिनं गुडघा चोळला. कुणाला दोष दिला नाही.

“राहू द्या आता. न्हाई जमायचं,” ती म्हणाली आणि चप्पल काढून पलंगाखाली, अगदी मागं सारली. ती चप्पल आत सरकवतानाचा आवाज मला नको झाला.

पुढचे पाच दिवस ती खुर्चीतच होती. न्हाणीपर्यंत जायला काठी मागायची. मी डॉक्टरांचं वाक्य आठवत होते आणि अकरा कलमांचा तो कागद डोळ्यांसमोरून जात नव्हता. चाकांबद्दल आम्ही एक अक्षर लिहिलं नव्हतं! तत्त्व होतं, कापड होतं, पडदा होता. रस्ता नव्हता. ज्या रस्त्यांवर आण्णांनी आयुष्यभर पत्रकं काढली, तोच रस्ता आम्ही बाप-लेक विसरलो होतो.

रविवारी चहा झाला. आण्णा म्हणाले, “गाडी परत करायची, असा ठराव…”

“थांबा,” आई म्हणाली. “माझं पत्रक हाय.”

आम्ही दोघं बघतच राहिलो. तिनं पदराआडून चार घड्यांचा कागद काढला. पेननं, मोठ्या गोल अक्षरात लिहिलेला. तिनं तो स्वतः वाचला, थांबत थांबत, दोन्ही हातांनी धरून.

मथळा होता : ‘ढकलेल तिची गाडी’.

“परिस्थिती,” ती वाचू लागली. “गाडी मी ढकलनार हाय. कापड, जाळी, पडदा ह्यांचं मला काही न्हाई. तुमी छापायचात तेव्हा कागदाची रिमं हायवेवरून कोन आनायचं? मी. लोटगाडीवर. पंधरा वर्षं. चाक कोनचं पळतंय आन् कोनचं रुततंय, ते मला हातात कळतं. मागनी एकच. मला दुकानात न्या.”

लोटगाडी! ती अजूनही छापखान्याच्या मागच्या भिंतीला उलटी टेकून आहे. दोन मोठी चाकं आणि फळी. टेम्पोवाला रिमं हायवेवर टाकून जायचा आणि आई साडीचा पदर खोचून ती लोटत आणायची. मी शाळेतून येताना कधी कधी त्या रिमांवर चढून बसायची. ते मला कसं आठवलं नाही?

आण्णांनी घसा खाकरला. “कसेल त्याची जमीन, हे मी किती वेळा छापलं असेन.”

“मी किती येळा घडी घातली ते इचारा,” आई म्हणाली.

मी हात पुढं केला तेव्हा तिनं कागद उलटा करून मला दिला. मागची बाजू छापील होती. ‘कुत्र्यांना गाड्या, माणसांना खड्डे!’ माझंच उरलेलं पत्रक. माझा चेहरा तापला.

“आई, हे मी लिहिलं ते…”

“खरं लिव्हलं हुतंस की,” ती म्हणाली. “ट्रॉलीवरच्या लेकरांचं खरंच हाय, ते लिहायचं सोडू नको. आन् खड्ड्यांचं तर लईच खरं. म्हनून तर मोठी चाकं पाहिजेत.”

तीन हात वर गेले. थोरलीनं आवाजाच्या दिशेनं शेपटी हलवली, ते चौथं मत आण्णांनी नोंदवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ओमनीत मागं आई, मांडीवर थोरली, पायाशी टोपलीत धाकटा, आणि मागच्या बाजूला घडी घातलेली लाल गाडी. नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे आले की आई म्हणायची, “बघ, हे एक चाक झालं. हे दुसरं.” म्हणजे काय ते विचारलं, तर म्हणाली, खड्डा केवढा आहे त्यावरून चाक केवढं पाहिजे ते ती मापतेय. मी खिडकीला नाक लावून खड्डे मोजू लागले. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या रस्त्याचा राग आला नाही!

दुकानदारानं आम्हाला पाहिलं आणि हाक मारली, “आले का मागण्यावाले! आज किती कलमं?”

“एकच,” आण्णा म्हणाले आणि आईच्या मागं उभे राहिले.

आईनं काठी काउंटरला लावली. रांगेतल्या गाड्यांवर तिनं बसायची जागा पाहिलीच नाही. ती थेट खाली वाकली, एका हातानं टेबल धरून, आणि चाकं हातानं फिरवून पाहू लागली. “हे प्लास्टिकचं. हे बी प्लास्टिक. ह्याचं चाक आपल्या मनानं वळतंय, मुरमात आडवं पडंल.” दुकानदार आधी हसत होता. मग त्याचं हसू गेलं आणि तो तिच्यामागं वाकून पाहू लागला.

“मावशी, तुम्हाला पाहिजे तशी एक आहे. पण ती कुणी घेत नाही. लिफ्टमध्ये मावत नाही, घडी नीट होत नाही. आत धूळ खात पडलीय.”

“आना.”

त्यानं ती ओढत आणली. मळक्या करड्या रंगाची, तीन चाकी. पण चाकं! सायकलीसारखी, हवेची, रबराची. आईनं टायर अंगठ्यानं दाबला. दांडा धरून पुढचं चाक उचलून पाहिलं. मग दोन्ही तळवे दांड्यावर ठेवले आणि नुसती उभी राहिली. दांडा बरोबर तिच्या पोटाशी येत होता.

“पडदा नाही,” आण्णा हळूच म्हणाले. “कलम पाचवं.”

“तुमचं पाचवं कलम त्या दोघांना इचारा.” तिनं थोरलीला मागच्या बाजूला, चाकांच्या बरोबर वर ठेवलं. “वजन आसावर पाहिजे, म्हंजी दांडा हातात हलका ऱ्हातो.” धाकट्याला पुढं. तो गुरगुरला, अडीच वेळा फिरला आणि थोरलीच्या मानेला पाठ लावून बसला. गाडीच्या तळाशी टाकायला काहीतरी हवं होतं म्हणून आईनं माझ्या शबनममध्ये हात घातला आणि ‘कुत्र्यांना गाड्या’चा कागद काढून, घडी उलगडून, थोरलीच्या बुडाखाली सरकवला.  मला हसू फुटत होतं.

“फरशीवर समदंच पळतं,” आई म्हणाली. “दार उघडा.”

दुकानदारानं दार उघडलं. पायरीवरून गाडी खाली उतरवायला मी पुढं झाले, तर तिनं मागची चाकं आधी सोडून ती एकटीनं उतरवली, रिमं उतरवायची तशी. बाहेर रस्ता उकरलेला होता, पाइपलाइनसाठी असेल. खडी, माती, फुटलेली फरशी. गाडी खडीवर चढली. उतरली. आई चालू लागली.

आधी दुकानासमोरच, इकडून तिकडे. मग बाजूच्या दुकानापर्यंत. मग कोपऱ्यापर्यंत. थोरलीनं मान वर काढून नाक वाऱ्यात धरलं होतं, कान मागं उडत होते. कोपऱ्यावर आई परत फिरेल म्हणून आम्ही पाहत होतो. ती फिरली नाही. गाडी वळली आणि दिसेनाशी झाली.

दुकानदार दारात आला. “मावशी गाडी घेऊन गेल्या का?”

“येईल,” मी म्हणाले.

आम्ही थांबलो. ती आली नाही. आण्णांनी काउंटरकडे पाहिलं. काठी तिथंच होती. त्यांनी ती उचलली आणि झब्बा सावरत पळत सुटले. मी त्यांच्यामागं. दुकानदार आमच्यामागं.

कोपऱ्यापलीकडे, पुढच्या चौकाच्याही पुढं, पेरूच्या हातगाडीजवळ आई उभी होती. पेरूवाली बाई गाडीत वाकून बघत होती.

“नातवंडं व्हय?”

“व्हय. दोन,” आई म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता आणि श्वास लागलेला होता. दुखरा पाय तिनं सरळ, पुरता टेकवलेला होता. “ही थोरली, हा धाकटा.”

आण्णांनी धापा टाकत काठी पुढं केली. तिनं काठीकडे पाहिलं, आण्णांकडे पाहिलं, आणि काठी घेऊन गाडीच्या दांड्याला आडवी अडकवली.

“अगं, चल परत. दुकानात जाऊ, पावती करायचीय.”

“तुमी करून या पावती,” ती म्हणाली आणि पेरूची पिशवी बोक्याशेजारी ठेवली. “ओमनी घिऊन इकडंच या. मी हळूहळू फुडं निघते.”

आणि निघाली. मी आण्णांकडे पाहिलं. ते पावती विसरून तिच्या पायांकडे पाहत होते, उजवा, डावा, उजवा, ओठांनी मोजत. दुकानदार म्हणाला, “साहेब, चला ना.” पण तेवढ्यात आई रस्त्याच्या खोदलेल्या भागाशी पोहोचली होती, पुढचं चाक तिनं उचललं होतं, आणि मी ओरडत तिच्यामागं पळत सुटले होते, मदतीला नव्हे, नुसतं बघायला.